फूट आणि इंच

शुक्रवार पेठेत, चौगल्यांच्या गिरणीच्या वर
दस्तगीर शिकलगारचं केबल ऑफिस.
सातला पाच कमी असताना
तो जिन्यातून खाली ओरडायचा, "मालक, बंद करा!"
पट्टा फडफडत थांबायचा,
आणि नाकात ज्वारीचं पीठ घेऊन
मी कोल्हापूरला नमस्कार म्हणायचो.

गुळाचे सौदे, म्हशीच्या दुधाचा दर,
हरवलेल्या माणसाच्या सदऱ्याचा रंग,
आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी.
ती मी स्वतः फोन करून घ्यायचो.
पाटबंधारेतले अतिग्रेसाहेब सांगायचे,
मी तळहातावर लिहायचो: छत्तीस फूट, चार इंच.
"फूट सांगून थांब," दस्तगीर म्हणायचा.
"पोती माळ्यावर चढवायची का नाही
हे लोक इंचावर ठरवत्यात."

एवढंच माझं पत्रकारितेचं शिक्षण.

आवाज आईचा. कपिलतीर्थ मंडईत
तिनं तीस वर्षं मेथी विकली,
भाव कधी दोनदा सांगावा लागला नाही.

हैदराबादला पहिल्या दिवशी विचारलं, नाव?
शालन इंगवले.
शालन जुनं वाटतं. शलाका चालेल?
चालेल, म्हणालो.
"म्हणाले," एकानं दुरुस्त केलं. "बाई आहात ना?"
तेव्हा कळलं, आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया
येतो, जातो, जेवलो म्हणत
जन्मभर चुकत आलेल्या.

तीन महिन्यांत मी येते झाले, जाते झाले.
'ण' टाळूला नीट टेकू लागला.
मग मुंबई. दुपारचं बातमीपत्र,
आणि सहा वर्षांनी नऊचं.
वरचं जाकीट चॅनेलचं, टेबलाखालची सलवार माझी.
आठ चौकटींत आठ माणसं भांडायची,
कानातला आवाज म्हणायचा, थांबवू नको, पेटू दे.
मी पेटू दिलं. पगार वाढला.
आई फोनवर म्हणाली,
"बातमी सांगतीस का गिऱ्हाईक पळवतीस?"

त्या ऑगस्टात माझ्या पाठीमागच्या पडद्यावर
पंचगंगा होती.
टेलिप्रॉम्प्टरवर लिहिलेलं: महापुराचं थैमान, जलप्रलय, हाहाकार.
फूट नव्हते. इंच नव्हते.
समोरच्या छोट्या मॉनिटरमध्ये एक बोट
पत्र्याच्या पाटीला घासून गेली,
पाटीवर 'चौगले' तेवढं पाण्याच्या वर.
"मी बघतोय," तोंडातून गेलं, "ती आमची गिरण हाय,
पातळी सांगा, पातळी किती?"
कानात: सुंदर. रडणार असलीस तर कॅमेरा दोनला बघ.

मी कॅमेरा दोनला बघितलं नाही.
लोक त्या 'बघतोय'ला दोन दिवस हसले,
मग दुसरं काहीतरी मिळालं त्यांना.
मी नऊवरून बारावर, बारावरून पहाटे सहावर.
पुढं नुसता आवाज,
पाच मिनिटांत पन्नास बातम्या, श्वास कुठं घ्यायचा
ते संगणक कापून टाकायचा.
वय झालं असं कुणीच म्हणालं नाही.
केक कापला. त्यावर 'शलाका' लिहिलं होतं.

गिरण बंद आहे आता. वर दस्तगीरचा थोरला
मोबाईलवर चॅनेल चालवतो,
मला महिन्याला थोडे पैसे देतो, चहा भरपूर.
निलोफर बागवान शिकायला येते, बी.ए. दुसरं वर्ष.
तिला नऊचं व्हायचंय.
"मॅडम, किती वर्षं लागतील?"
मी म्हणालो, आधी फोन लाव.
पाटबंधारेत आता कुणी वेगळंच असतं,
पण उचलतात.

काल तिनं एका दमात वाचलं सगळं,
फूट इंच क्युसेक स्वयंचलित दरवाजे.
"परत," मी म्हणालो.
एकोणचाळीस फूट.
"आता थांब."
ती थांबली.
जिन्यात कुणीतरी खांद्यावरचं पोतं
भिंतीला टेकवून उभं होतं.